लॉगमध्ये ठरावीक ओळ दिसली की कमांड आपोआप चालवणं: फेल-टू-बॅनपासून सुरुवात

इंटरनेटवर २२ नंबरचं पोर्ट (दुरून लॉगिन करायच्या एसएसएचचं दार) उघडं असलेल्या कुठल्याही सर्व्हरचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदवही, उघडा. ‘फेल्ड पासवर्ड फॉर रूट फ्रॉम २०३.०.११३.७’ अशा ओळींची रांग लागलेली दिसेल. रात्रभर हा लॉग वाचत कोणी बसणार नाही. म्हणून वाचायला फेल-टू-बॅनसारखा एक प्रोग्राम बसवायचा आणि त्याला सांगून ठेवायचं: अशी ओळ एकाच पत्त्यावरून दहा मिनिटांत पाचदा आली, तर फायरवॉलची अमुक कमांड चालव आणि तासाभराने ती उलटव. हीच युक्ती डेटाबेस अडकला, डिस्कने चूक दाखवली, वेबपानं तयार करणाऱ्या पीएचपीच्या प्रोसेस (कामगार) कमी पडल्या अशा वेळीही वापरता येते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लॉगमधल्या ओळीचा काही भाग बाहेरचा माणूस लिहीत असतो. लॉगिन करताना टाकलेलं नाव, मागितलेलं पान, ब्राउझरची ओळख हे सगळं तो हवं तसं पाठवू शकतो. म्हणजे लॉगवरून चालणारी कमांड काही अंशी त्याच्या हातात असते. त्यामुळे या लेखात खुद्द कमांडपेक्षा पॅटर्न, मोजणी आणि लगाम यांनाच जास्त जागा दिली आहे.

लिपीबद्दल थोडं: कमांड, फाइली आणि सेटिंग यांची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती रोमन छोट्या अक्षरांत आणि आकडे इंग्रजीत टाइप करायचे. मोठी अक्षरं जिथं लागतात तिथं तसं सांगितलं आहे. फेल-टू-बॅन या नावातला ‘टू’ म्हणजे २ हा आकडा, आणि नावात मोकळी जागा किंवा आडवी रेघ नाही.

पायरी १: आधी हाताने करून बघा

तयार साधन बसवण्याआधी अर्धा तास स्वतःची छोटी साखळी जोडून बघा. पुढे काय बिघडतं ते कळायला याचा फार उपयोग होतो. साखळीत तीन कड्या असतात: ‘टेल’ लॉगची शेपटी वाचतो, ‘ग्रेप’ पॅटर्न गाळून घेतो आणि शेलमधलं ‘व्हाइल रीड’ प्रत्येक ओळीमागे कमांड चालवतं.

टेलला छोटा एफ द्यायचा नाही, मोठा एफ द्यायचा. लॉगरोटेट ठरावीक वेळाने जुन्या फाइलचं नाव बदलून नवी फाइल उघडतो. छोटा एफ दिलेला टेल नाव बदललेल्या जुन्या फाइललाच चिकटून राहतो, आणि तिच्यात तर आता काहीच येत नसतं. चूक कुठेच दिसत नाही, पण पहारा संपलेला असतो. मोठा एफ नावाचा माग ठेवतो आणि नव्या फाइलवर जातो. सोबत ‘-एन ०’ द्या, नाहीतर सुरू होताक्षणीच शेवटच्या दहा जुन्या ओळींवर कमांड चालेल.

ग्रेपला ‘--लाइन-बफर्ड’ लागतोच. ग्रेपचं उत्तर स्क्रीनवर जात असेल तर ते ओळीओळीने येतं. पाइपमध्ये जात असेल तर साधारण ४ किलोबाइट साठेपर्यंत ते आतच अडून राहतं. एसएसएचची एक ओळ शंभरेक अक्षरांची धरली तर चाळीसेक हल्ले होऊन गेल्यावर तुमच्या लूपला पहिली खबर लागते. साखळीत मजकूर बदलणारा सेड असेल तर त्याला ‘-यू’ द्या आणि ओळीतले शब्द वेगळे करणाऱ्या ऑकमध्ये प्रत्येक छपाईनंतर ‘एफफ्लश()’ घाला. ‘हाताने ग्रेप केलं की ओळ दिसते, पण स्क्रिप्ट काहीच करत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

रीडला ‘-आर’ द्या, म्हणजे ओळीतल्या उलट्या तिरप्या रेघा तशाच राहतील. लूपच्या आत एसएसएच किंवा एफएफएमपेगसारखी कमांड असेल तर तिचं इनपुट /डेव्ह/नल (कायम रिकामी असलेली खास फाइल) कडे वळवा. ही मंडळी लूपला मिळायच्या ओळी स्वतःच गिळून टाकतात, आणि लूपला त्या मिळतच नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओळीतून पत्ता काढायला अनेक जण ऑकने ‘अकरावा शब्द’ उचलतात. जुन्या धाटणीच्या लॉगमध्ये ‘फेल्ड पासवर्ड फॉर रूट फ्रॉम’ नंतरचा पत्ता खरोखरच अकरावा शब्द असतो. पण सर्व्हरवर नसलेल्या नावाने कोणी आलं तर ओळीत ‘इनव्हॅलिड युजर’ हे दोन शब्द वाढतात, पत्ता तेराव्या जागी सरकतो आणि अकराव्या जागी येतं हल्लेखोराने टाकलेलं नाव. ते नाव तुम्ही रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालणाऱ्या कमांडला देता. त्यात डेबियन १२ पासून आरसिसलॉगच्या (लॉगच्या फाइली लिहिणाऱ्या सेवेच्या) ओळीत तारीख-वेळ तीन शब्दांऐवजी एकाच शब्दात येते, त्यामुळे सगळे आकडे दोनाने मागे येतात. तेव्हा शब्द मोजून पत्ता काढू नका. लॉगमधून आलेला मजकूर कधीही ‘इव्हॅल’ किंवा ‘एसएच -सी’ मध्ये जोडू नका, कारण हे दोन्ही मजकूर कमांड म्हणून चालवतात. काढलेली गोष्ट खरोखर आयपी पत्ता आहे का, हे तपासूनच पुढे जा.

ही साखळी शिकण्यापुरती ठीक आहे. तिला ‘पाचदा झालं’ हे मोजता येत नाही, तासाभराने बंदी उठवता येत नाही आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर आधीचं काही आठवत नाही. हे सगळं लिहीत बसलात तर वाईट दर्जाचा फेल-टू-बॅनच तयार होईल.

पायरी २: फेल-टू-बॅन बसवणं

हा पायथनमध्ये लिहिलेला मुक्त प्रोग्राम आहे. त्याची तीन अंगं समजून घ्या. फिल्टर म्हणजे पॅटर्न. अ‍ॅक्शन म्हणजे चालवायची आणि नंतर उलटवायची कमांड. जेल म्हणजे कुठल्या लॉगला कुठलं फिल्टर लावायचं, किती वेळा मोजायचं आणि कुठली अ‍ॅक्शन करायची, याची सांगड.

डेबियन-उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ने फेल-टू-बॅन आणि त्यासोबत ‘पायथन३-सिस्टमडी’ हे दुसरं पॅकेज घ्या. रेड हॅटच्या घराण्यातल्या वितरणांवर आधी ईपेल हे जादा पॅकेजचं भांडार जोडावं लागतं, आणि तिथं कुठलंही जेल आपोआप सुरू होत नाही.

सेटिंग /ईटीसी मधल्या फेल-टू-बॅनच्या फोल्डरमध्ये असतात. तिथल्या ‘जेल.कॉन्फ’ला हात लावू नका, कारण अपडेट आलं की तुमचे बदल एकतर पुसले जातात किंवा भांडण लावतात. त्याच फोल्डरात ‘जेल.लोकल’ नावाची नवी फाइल करा. तिच्यात जेवढं लिहाल तेवढंच बदलतं, बाकी मूळचं राहतं. सुरुवातीला एवढं पुरे:

[डिफॉल्ट]
इग्नोरआयपी = १२७.०.०.१/८ ::१ २०३.०.११३.५०
फाइंडटाइम = १०एम
मॅक्सरीट्राय = ५
बॅनटाइम = १एच

[एसएसएचडी]
एनेबल्ड = ट्रू
बॅकएंड = सिस्टमडी

कंसातलं ‘डिफॉल्ट’ मोठ्या अक्षरांत लिहायचं. इग्नोरआयपी म्हणजे ज्यांच्यावर कधीच बंदी घालायची नाही असे पत्ते. फाइंडटाइम म्हणजे किती वेळातल्या चुका मोजायच्या, मॅक्सरीट्राय म्हणजे कितव्या चुकीला बंदी घालायची आणि बॅनटाइम म्हणजे बंदी किती वेळ ठेवायची. वरच्या २०३.०.११३.५० च्या जागी तुमच्या ऑफिसचा स्थिर पत्ता टाका. घरचा ब्रॉडबँडचा पत्ता बदलत असेल तर तो टाकण्यात अर्थ नाही, कारण उद्या तो दुसऱ्या कोणाचा असेल. वेळेच्या आकड्यापुढे एम म्हणजे मिनिटं, एच तास, डी दिवस, डब्ल्यू आठवडे. नुसता आकडा म्हणजे सेकंद. ‘बॅनटाइम = १०’ लिहून दहा मिनिटांची बंदी समजणारे दहा सेकंदांत हल्लेखोराला परत आत घेतात.

‘बॅकएंड = सिस्टमडी’ ही ओळ कशासाठी? डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग आपोआप बसत नाही. त्यामुळे /वार/लॉग/ऑथ.लॉग ही फाइलच नसते आणि सगळं सिस्टमडीच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, जर्नलमध्ये जातं. जुन्या पद्धतीने सेटिंग केलं की ‘एसएसएचडी जेलसाठी लॉगची फाइल सापडली नाही’ अशा अर्थाची चूक येऊन सेवा सुरूच होत नाही. पण ही ओळ फक्त एसएसएचडीच्या भागातच ठेवा. ती डिफॉल्टमध्ये टाकली तर एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या फाइली वाचणारी तुमची पुढची जेलंही जर्नलकडेच बघत राहतील. तिथं त्यांना काहीच मिळत नाही आणि चूकही ठळकपणे दिसत नाही.

आता ‘फेल-टू-बॅन-क्लायंट -टी’ चालवा. सेटिंग बरोबर असेल तर तो तसं सांगतो, नसेल तर चूक दाखवतो. मग सेवा पुन्हा सुरू करा आणि ‘फेल-टू-बॅन-क्लायंट स्टेटस एसएसएचडी’ने स्थिती बघा. सध्या किती अपयशी प्रयत्न मोजले आणि किती पत्त्यांवर बंदी आहे हे तिथं दिसतं. उघड्या सर्व्हरवर दिवस उलटूनही ‘एकूण अपयशी’ शून्यच असेल तर ते नशीब समजू नका. पॅटर्न जुळत नाहीये, हीच शक्यता मोठी.

असं होण्याचं एक ताजं कारण आहे. २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ पासून प्रत्येक जोडणी सांभाळणारी प्रोसेस ‘एसएसएचडी-सेशन’ या नावाने लॉग लिहिते. जुनं फिल्टर ‘एसएसएचडी’ हे नाव शोधत राहतं आणि आंधळं होतं. वितरणाने दिलेली जोडी वापरली तर सहसा त्रास होत नाही. एक नवं आणि दुसरं जुनं असेल तर हे आवर्जून तपासा.

हेही स्पष्ट सांगायला हवं की एसएसएचवरचा खरा उपाय म्हणजे पासवर्डचं लॉगिन बंद करून किल्ल्या (एसएसएच की) वापरणं. त्यानंतर हे जेल मुख्यतः लॉगमधला गोंगाट कमी करण्याचं काम करतं. ओपनएसएसएच ९.८ मध्ये सतत चुकणाऱ्या पत्त्यांना काही काळ दूर ठेवण्याची स्वतःची सोयही आली आहे. फेल-टू-बॅनचा खरा कस लागतो तो जिथं पासवर्ड बंद करता येत नाही तिथं: वर्डप्रेस, मेल सर्व्हर, जुनी अंतर्गत अ‍ॅप्लिकेशन्स.

पायरी ३: स्वतःला बाहेर न कोंडता चाचणी

दुसरी खिडकी उघडी ठेवून चाचणी करा असं सगळे सांगतात, पण ती खिडकी त्याच इंटरनेट जोडणीवर असेल तर ती पुरत नाही. फायरवॉलचा नियम त्या पत्त्यावरून त्या पोर्टवर येणारं प्रत्येक पॅकेट अडवतो, त्यामुळे आधीपासून चालू असलेलं सेशनही गोठतं. म्हणून मुख्य सेशन ब्रॉडबँडवर ठेवा आणि चुकीचे पासवर्ड मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून टाका. एसएसएचचा क्लायंट एका जोडणीत साधारण तीनदाच पासवर्ड विचारतो, तेव्हा पाच चुका व्हायला दोनदा जोडावं लागेल.

बंदी लागली की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं दिसतं. एसएसएच बंद पडलं असं वाटून नवखे इथंच सर्व्हर रीस्टार्ट करतात. तसं काही झालेलं नसतं, फायरवॉलच पॅकेट परत पाठवत असते. मुख्य सेशनमधून ‘फेल-टू-बॅन-क्लायंट सेट एसएसएचडी अनबॅनआयपी’ आणि पुढे पत्ता देऊन बंदी उठवा. शिवाय सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमधला कन्सोल आधीच एकदा उघडून, त्यातून लॉगिन होतं याची खात्री करून घ्या. बाहेर कोंडल्यावर पासवर्ड आठवत बसण्याची वेळ येऊ नये.

पायरी ४: स्वतःचं फिल्टर

वर्डप्रेसचं उदाहरण घेऊ, कारण ते सगळ्यात जास्त उपयोगी पडतं आणि त्यात एक गंमतशीर अडचण आहे. पासवर्ड चुकला तरी वर्डप्रेस २०० हा ‘सगळं ठीक’चाच आकडा देतो, कारण लॉगिनचं पान पुन्हा दाखवलेलं असतं. पासवर्ड बरोबर असेल तर ३०२ देऊन पुढे पाठवतो. म्हणजे लॉगिनच्या पानावर ‘पोस्ट’ आणि उत्तर २०० अशी ओळ आली की ती अपयशाची. काही सुरक्षा प्लगइन हा आकडा बदलतात. म्हणून आधी स्वतः एकदा चुकीचा पासवर्ड टाका, एनजिनएक्सच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये नेमकी काय ओळ पडली ती बघा, आणि तिच्यावरूनच पॅटर्न लिहा. आठवणीतून किंवा दुसऱ्याच्या सेटिंगमधून उचलून लिहू नका.

‘फिल्टर.डी’ या फोल्डरमध्ये ‘डब्ल्यूपी-लॉगिन.कॉन्फ’ फाइल करा:

[डेफिनिशन]
फेलरेजेक्स = ^<होस्ट> - - \[\] "पोस्ट /डब्ल्यूपी-लॉगिन\.पीएचपी[^"]*" २००

कंसातलं ‘डेफिनिशन’ पहिल्या मोठ्या अक्षराने, ‘होस्ट’ आणि ‘पोस्ट’ पूर्ण मोठ्या अक्षरांत. <होस्ट> ही फेल-टू-बॅनची खूण आहे. तिथं पत्ता ओळखला जातो. मधला मोकळा चौकोनी कंस बघून बरेच जण बुचकळ्यात पडतात. पॅटर्न लावण्याआधी फेल-टू-बॅन ओळीतली तारीख कापून घेतो आणि मागे रिकामा कंस उरतो. पॅटर्नमध्ये तारीख जुळवायचा प्रयत्न केलात तर काहीच जुळणार नाही.

सुरुवातीची टोपी, म्हणजे ^ हे चिन्ह, कधीही गाळू नका. ती असली की पत्ता ओळीच्या अगदी सुरुवातीलाच असावा लागतो, जिथं तो एनजिनएक्सने लिहिलेला असतो. ती काढून ‘काहीही, मग पत्ता’ असं लिहिलं की मागितलेल्या पानाच्या नावात किंवा ब्राउझरच्या ओळखीत कोणी मुद्दाम पेरलेला दुसऱ्याचा पत्ता जुळू शकतो. मग तुमच्याच हातून तुमच्या ग्राहकावर किंवा पेमेंट गेटवेवर बंदी घातली जाईल. म्हणूनच पानाच्या नावानंतरही ‘काहीही’ न लिहिता ‘अवतरणचिन्ह सोडून काहीही’ असं लिहिलं आहे, म्हणजे पॅटर्न त्या अवतरणाबाहेर घसरत नाही. पॅटर्नमध्ये टक्क्याचं चिन्ह हवं असेल तर ते दोनदा लिहा. या फाइलींमध्ये एकट्या टक्क्याला वेगळा अर्थ आहे.

आता ‘फेल-टू-बॅन-रेजेक्स’ या कमांडला आधी लॉगच्या फाइलचा आणि मग फिल्टरच्या फाइलचा मार्ग द्या. किती ओळी जुळल्या आणि किती सुटल्या हे ती सांगते. तोच आकडा ग्रेपने मोजून ताडून बघा. ‘--प्रिंट-ऑल-मॅच्ड’ लावून जुळलेल्या ओळी डोळ्यांखालून घाला. तुमच्या स्वतःच्या यशस्वी लॉगिनची ओळ त्यात आली असेल तर पॅटर्न सैल आहे.

समाधान झालं की जेल.लोकलमध्ये नवा भाग जोडा: [डब्ल्यूपी-लॉगिन], एनेबल्ड ट्रू, पोर्ट एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, फिल्टर डब्ल्यूपी-लॉगिन, लॉगपाथ /वार/लॉग/एनजिनएक्स/अ‍ॅक्सेस.लॉग, मॅक्सरीट्राय ८. पाचऐवजी आठ अशासाठी की इथं माणसं लॉगिन करतात आणि माणसं पासवर्ड विसरतात. आपल्याकडे मोबाइल कंपन्या आणि अनेक ब्रॉडबँडवाले एकच आयपीव्ही४ पत्ता पुष्कळ ग्राहकांना वाटून देतात. एकाच्या चुकीची बंदी त्या सगळ्यांना लागते. म्हणून सुरुवातीची बंदी आठवड्याची ठेवू नका. ‘बॅनटाइम.इन्क्रिमेंट = ट्रू’ लिहिलं तर तोच पत्ता परत आला की बंदी दरवेळी दुप्पट होते, आणि ‘बॅनटाइम.मॅक्सटाइम’ने तिला वरची मर्यादा घालता येते. पहिल्या चुकीला तास, हटवादीपणाला आठवडा, हे प्रमाण योग्य वाटतं.

पायरी ५: बंदीऐवजी स्वतःची कमांड

फेल-टू-बॅनला फक्त बंदीच घालता येते असं नाही. पीएचपी-एफपीएम या पीएचपी चालवणाऱ्या सेवेच्या लॉगमध्ये ‘सर्व्हर रीच्ड पीएम.मॅक्स_चिल्ड्रन सेटिंग’ अशी इशाऱ्याची ओळ येते, तेव्हा सगळे कामगार गुंतलेले असतात आणि साइट रखडते. अशा वेळी सेवा रीस्टार्ट करायचा मोह होतो. करू नका. रीस्टार्टने लक्षण जातं आणि पुरावाही जातो, आणि त्या क्षणी नेमकं कोण अडकलं होतं ते कळत नाही. आधी पुरावा गोळा करणारी कमांड बांधा. प्रोसेस खरोखर मरत असेल तर तिला उठवण्यासाठी लॉग वाचण्याची गरजच नाही. सिस्टमडीच्या सेवेत ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ (पहिलं अक्षर मोठं) ही ओळ ते काम जास्त भरवशाने करते.

या ओळीत आयपी पत्ता नाही, आणि फेल-टू-बॅनला तर मोजायला काहीतरी ओळख लागते. तिथं <होस्ट> ऐवजी <एफ-आयडी> आणि </एफ-आयडी> या खुणांच्या जोडीत पूलचं, म्हणजे कामगारांच्या गटाचं, नाव पकडा. एफ-आयडीही मोठ्या अक्षरांत. जेलमध्ये मॅक्सरीट्राय १ आणि बॅनटाइम १५ मिनिटं ठेवा. एकदा ‘बंदी’ लागलेल्या नावावर ती संपेपर्यंत अ‍ॅक्शन पुन्हा चालत नाही, त्यामुळे बॅनटाइमच इथं लगाम होतो: ओळ मिनिटाला शंभरदा आली तरी कमांड पंधरा मिनिटांत एकदाच. या जेलमध्ये ‘अ‍ॅक्शन = पुरावा’ असं स्पष्ट लिहायला विसरू नका, नाहीतर फेल-टू-बॅन पूलच्या नावालाच फायरवॉलमध्ये घालायला जाईल आणि चुका ओतत बसेल.

‘अ‍ॅक्शन.डी’ फोल्डरमध्ये ‘पुरावा.कॉन्फ’ करा:

[डेफिनिशन]
नोरिस्टोअर्ड = १
अ‍ॅक्शनबॅन = सिस्टमसीटीएल स्टार्ट --नो-ब्लॉक पुरावा.सर्व्हिस
अ‍ॅक्शनअनबॅन =

यातली प्रत्येक ओळ कारणाने आहे. फेल-टू-बॅन चालू बंद्या आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतो आणि सेवा रीस्टार्ट झाली की त्या पुन्हा लावतो, म्हणजे अ‍ॅक्शनबॅन पुन्हा चालवतो. फायरवॉलसाठी ते हवंच असतं, पण ईमेल पाठवणं किंवा पुरावा गोळा करणं पुन्हा नको. नोरिस्टोअर्ड ते थांबवतं. फेल-टू-बॅन अ‍ॅक्शनला ठरावीक वेळच देतो, मूळ सेटिंगमध्ये ६० सेकंद. त्यात संपली नाही तर तो कमांड मारतो. म्हणून लांबणारं काम सिस्टमडीच्या हाती सोपवून लगेच परत यायचं.

आणि फेल-टू-बॅन रूट म्हणून चालतो, तुमच्या स्क्रिप्टला मात्र तेवढा अधिकार नको. ‘पुरावा.सर्व्हिस’मध्ये टाइप वनशॉट (एकदा चालून संपणारं काम) ठेवा आणि युजर म्हणून वेगळं साधं खातं द्या; टाइप आणि युजर यांचं पहिलं अक्षर मोठं. डेबियनवर एनजिनएक्सचे लॉग वाचता यावेत म्हणून त्या खात्याला ‘एडीएम’ गटात घाला. स्क्रिप्टने वेळ, मेमरीच्या क्रमाने प्रोसेसची यादी, ‘एसएस -टॅन’ने उघड्या जोडण्या आणि अ‍ॅक्सेस लॉगच्या शेवटच्या २०० ओळी वेळेच्या नावाच्या एका फाइलमध्ये लिहाव्यात. जुन्या फाइली काढायचा नियमही आत्ताच लावा, नाहीतर पुरावाच डिस्क भरून टाकेल.

कमांडला लॉगमधलं काहीच दिलेलं नाही, हेही मुद्दाम. फेल-टू-बॅनमध्ये <मॅचेस> ही खूण आहे, तिच्यातून जुळलेल्या अख्ख्या ओळी कमांडला देता येतात. शक्यतो देऊ नका. २०२१ मध्ये खुद्द फेल-टू-बॅनच्या ईमेल पाठवणाऱ्या अ‍ॅक्शनमध्ये गंभीर त्रुटी निघाली होती. पत्त्याची हूइज माहिती (तो कोणाच्या नावावर आहे त्याची नोंद) थेट मेलच्या कमांडला दिली जात होती, आणि मेलयुटिल्सची ती कमांड ~ या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळीला सूचना समजत असे. ज्याच्या हाती हूइजचं उत्तर, त्याला सर्व्हरवर रूट म्हणून कमांड चालवता येत होती. अनुभवी लोकांनी लिहिलेल्या, हजारो नजरांखालून गेलेल्या कोडमध्ये हे सुटलं, तर घाईत लिहिलेल्या आपल्या चार ओळींत नक्कीच सुटेल.

स्क्रिप्टने काय केलं ते लॉगमध्ये लिहायला हरकत नाही, फक्त मूळ ओळ जशीच्या तशी त्याच लॉगमध्ये लिहू नका. ती पुन्हा जुळेल, पुन्हा कमांड चालेल, पुन्हा ओळ पडेल. वारंवार येणाऱ्यांसाठीचं ‘रेसिडिव्ह’ जेल फेल-टू-बॅनचाच लॉग वाचतं. ते चालू असताना लॉगची पातळी डीबगवर ठेवली की हेच चक्र सुरू होऊ शकतं.

बंदी लागते, पण हल्ला थांबत नाही

स्टेटसमध्ये पत्ता दिसतो आणि तरी अ‍ॅक्सेस लॉगमध्ये त्याच्या ओळी पडतच राहतात, अशी तक्रार आली की आधी डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) आहे का ते बघा. डॉकरने बाहेर उघडलेल्या पोर्टची पॅकेटं फायरवॉलच्या ‘इनपुट’ साखळीतून जातच नाहीत. जेलमध्ये चेन म्हणून ‘डॉकर-युजर’ द्यावी लागते, तीही मोठ्या अक्षरांत. आणि पॅकेट तिथं पोहोचेपर्यंत पोर्टचा आकडा बदललेला असतो. बाहेर ८०८० आणि कंटेनरमध्ये ८० असेल तर नियमात ८० लिहायचं.

सर्व्हरच्या पुढे सीडीएन किंवा रिव्हर्स प्रॉक्सी (विनंत्या आधी स्वतः घेऊन सर्व्हरकडे पाठवणारा मध्यस्थ) असेल तर लॉगमध्ये प्रॉक्सीचाच पत्ता येतो, आणि बंदी त्याच्यावर लागली तर सगळी साइट सगळ्यांसाठी बंद. एनजिनएक्समध्ये ‘सेट_रीअल_आयपी_फ्रॉम’ आणि ‘रीअल_आयपी_हेडर’ने खरा पत्ता लॉगमध्ये आणता येतो. पहिल्यात फक्त आपल्या प्रॉक्सीचेच पत्ते द्यायचे, नाहीतर कोणीही खोटं हेडर पाठवून हवा तो पत्ता लॉगमध्ये लिहवून घेईल. पण एवढ्यावर काम संपत नाही. पॅकेटं अजूनही प्रॉक्सीकडूनच येत असतात, तेव्हा सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये खऱ्या पत्त्यावर घातलेली बंदी कोणालाच अडवत नाही. ती सीडीएनच्या पातळीवर किंवा एनजिनएक्सच्या नकार-यादीत घालणारी अ‍ॅक्शन लागते.

भारतातल्या सर्व्हरवर हमखास भेटणारा घोळ म्हणजे साडेपाच तासांचा. अ‍ॅप्लिकेशन यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लॉग लिहितं, सर्व्हर भारतीय वेळेवर असतो, आणि ओळीत वेळेचा फरक लिहिलेला नसतो. मग आत्ताची ओळ ३३० मिनिटं जुनी वाटते आणि दहा मिनिटांच्या फाइंडटाइममध्ये बसत नाही. जुन्या आवृत्त्या ती चुपचाप सोडून देत. नव्या आवृत्त्या वेळेचा घोळ दिसतोय असा इशारा आपल्या लॉगमध्ये लिहितात. सर्व्हर आणि अ‍ॅप्लिकेशन दोन्ही यूटीसीवर ठेवणं हा सगळ्यात सोपा उपाय.

आयपीव्ही६ वर हल्लेखोराकडे सहसा /६४ चा अख्खा पट्टा असतो आणि बंदी एकेका पत्त्यावर लागते. तो पत्ते बदलत राहिला तर मोजणी पाचापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी पत्ते मोजण्यापेक्षा एनजिनएक्समध्येच लॉगिनच्या पानावर विनंत्यांची मर्यादा घालणं जास्त कामाचं.

एका ओळीनंतर दुसरी ओळ दोन मिनिटांत आली नाही तरच कमांड चालवायची, असे नियम फेल-टू-बॅनला नीट जमत नाहीत. त्यासाठी सिंपल इव्हेंट कोरिलेटर हे पर्लमधलं जुनं, टिकाऊ साधन बघा. आणि प्रत्येक जुळणाऱ्या ओळीवर तात्काळ प्रोग्राम हवा असेल, मोजणी नको असेल, तर आरसिसलॉगचं ‘ओएमप्रॉग’ मॉड्यूल पुरतं.

सगळं जुळून आल्यावर एकदा सर्व्हर पूर्ण रीबूट करा आणि हॉटस्पॉटवरची चाचणी पुन्हा करा. मग लॉगरोटेट ‘-एफ’ने जबरदस्तीने फिरवून तीच चाचणी तिसऱ्यांदा करा. पुढे सिस्टमचं मोठं अपडेट झालं की फेल-टू-बॅन-रेजेक्स ताज्या लॉगवर चालवून जुळलेल्या ओळींचा आकडा बघा, कारण लॉगची धाटणी अशा अपडेटमध्येच बदलते.